सुभेदारांनी दाखवलेलं वाक्य

मला पाहायला येणाऱ्यांपुढं काही येत नसल्याचं सोंग करायचं, असं आत्यानं आणि मी ठरवलं होतं. कुंडलहून मी सांगलीला तिच्याकडं शिकायला आले होते आणि मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं.

मुलाचे वडील कडेगावचे सुभेदार. फौजेतली इंग्रजीची परीक्षा पास होऊन पेन्शनीवर आलेले. मुलगाही पलटणीत, म्हणून गोऱ्या साहेबाच्या बायकोशी इंग्रजीत चार शब्द बोलणारी सून त्यांना हवी होती. "काय बी इचारलं तर येत न्हाई म्हण," आत्या म्हणाली, "आपसूक नापसंत करतील."

पोहे झाले, चालून दाखवलं. मग सुभेदारांनी माझंच पुस्तक उघडून एका वाक्यावर बोट ठेवलं. 'द सोल्जर स्टुड बाय द गेट विथ अ लॅम्प इन हिज हँड.' ह्यातल्या प्रेपोझिशनल फ्रेजा दाखव, म्हणाले. माझ्या डाव्या हातचा मळ तो. आपण दाराजवळ म्हणतो, इंग्रज आधी जवळ म्हणतो आणि मग दार. ती जोडगोळी हेरून खाली रेघ मारायची. मी मान खाली घालून म्हणाले, "येत न्हाई."

"आसू दे," सुभेदार म्हणाले. "सोपं हाय की. दोन हायत."

दोन? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक ऐकून गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"तीन," मी म्हणाले आणि तिन्हींखाली नखानं रेघ ओढली. दाराआड आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. सुभेदार कुंडलहून आलेल्या माझ्या वडिलांकडं वळले. "पोरगी पसंत हाय."

वैशाखात लग्न झालं. मॅट्रिक राहिलीच. नवरा पलटणीत आणि मी कडेगावात चुलीपुढं. साहेबाची बायको काही मला दिसली नाही. पाहुणे आले की मामंजी मला बाहेर बोलवायचे, पुस्तक पुढं धरायचे, तेच पान, तेच वाक्य. मी तीन दाखवायची आणि परत भाकरी थापायला जायची. मला त्या पानाची शिसारी आली होती.

एकदा चहा घेऊन गेले तर मामंजी नणंदेच्या सासरच्या व्याह्यांना रंगून सांगत होते, "तीन हायत ह्ये मला ठावं हुतं की. पोरगी सोंग करतीया ह्ये बघूनच मुद्दाम दोन म्हणलो. बोलली का न्हाई?"

सगळे हसले. मामंजींनी पुस्तक पुढं केलं. "दाव बघू, सूनबाई."

"मला येत न्हाई, मामंजी," मी म्हणाले.

ते आणखीच हसले. "बघा," ते व्याह्यांना म्हणाले, "आजून तसंच म्हणतीया."