बाबूजींचं श्रुतलेखन

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जायची. बाबूजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि पोरांना श्रुतलेखन घालता घालता त्यांच्या जिभेला तसंच वळण लागलं होतं. जेवताना म्हणत, "भाजीत मीठ कमी हाय." घास गिळून झाला की पुन्हा, "भाजीत मीठ कमी हाय." माय चिडायची. "एकदा सांगतलं तरी समजते मले. मी का तुमच्या चौथीत बसून राहिली का?" आपण दोनदा बोललो हे बाबूजींच्या गावीही नसायचं.

मी नर्सिंगचा कोर्स करून गोंदियाच्या एका खासगी दवाखान्यात लागले होते. आमच्या तिरोड्याहून सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने परतायचं. तिथली एक केरळची सिस्टर परदेशात नोकरीला गेली आणि जाताना तिचं तयारीचं पुस्तक मला देऊन गेली. म्हणाली, "तू भी एग्झाम दे दे, यहाँ क्या रखा है." इंग्रजी ऐकून समजतं का, वाचून समजतं का, हे ती परीक्षा पाहायची. पास झालं तर बाहेरच्या देशातल्या दवाखान्यांची दारं उघडत होती. खरं सांगायचं तर त्या दवाखान्यात माझा जीव रमत नव्हता. मला जायचं होतं, आणि माझ्याहूनही जास्त ते बाबूजींना हवं होतं. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

वाचनाचा भाग मला जड गेला नाही. उतारे मोठे मजेशीर असायचे. कुठल्याशा गावात वाचनालयाची वेळ बदलली, त्यावर दीड पान, खाली प्रश्न. बाबूजी चष्मा वर करून म्हणायचे, "या लोकायच्या गावात काही होतच नाही का बाप्पा?" आमची अडचण ऐकण्याच्या भागाची होती. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात कॅसेट ठेवायचा खिसा होता आणि तो रिकामा होता. कॅसेट कधी हरवली ते त्या सिस्टरलाही आठवत नव्हतं. मात्र कॅसेटमधलं सगळं बोलणं शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात छापलेलं होतं.

"मंग अडलं कायले?" बाबूजी म्हणाले. "मी वाचून दाखवतो."

त्या दिवसापासून संध्याकाळी ओसरीत आमची शाळा भरू लागली. समोर माय सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसायची. मी प्रश्न पुढ्यात घ्यायची आणि बाबूजी खुर्चीत ताठ बसून खणखणीत आवाजात इंग्रजी वाचायचे. बाईचं बोलणं आलं की आवाज बारीक करायचे. मायला हसू आवरत नसे. पण त्यांचं ते वाचणं म्हणजे श्रुतलेखनच होतं. एक वाक्य म्हणायचे, थांबायचे, माझ्या पेन्सिलीकडे पाहायचे आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. उत्तर ज्या शब्दात असेल त्याच्या आधी किंचित थबकायचे आणि तो शब्द जोर देऊन उच्चारायचे.

"बाबूजी, इथं लिहिलं आहे, एकदाच ऐकवतील."

"हव, वाचलं मी," ते म्हणायचे. "पण मागच्या बाकावरच्या पोराले ऐकू गेलं पायजे ना." ओसरीत बाक नव्हता, पोर नव्हतं. मी एकटीच होते. पण वर्षानुवर्षं जी पोरं मागे राहिली होती, ती बहुतेक त्यांना माझ्या पाठीमागे बसलेली दिसत असावीत. मीही फार ताणलं नाही. माझी उत्तरं बरोबर येत होती, बाबूजी खूश होते, आणि त्या तासाभरात मला दवाखान्याचा विसर पडायचा. मला ते सगळं फार आवडत होतं.

परीक्षा नागपूरला झाली. खोलीत सगळ्यांसमोर टेप लावला. एका बाईचा आवाज सुरू झाला, बारीक, भराभर जाणारा. पहिलं वाक्य निम्मं समजलं आणि मी सवयीने पेन्सिल टेकवून थांबले. दुसऱ्यांदा येईल म्हणून वाट पाहत राहिले. तोवर ती बाई चार वाक्यं पुढे गेली होती. कुठे थबकणं नाही, कशावर जोर नाही. आजूबाजूला सगळे लिहीत होते आणि माझ्या कानात नुसता आवाज वाहत होता.

निकाल आला. वाचनात चांगले गुण होते, ऐकण्यात नापास. बाबूजींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"हे माह्यामुळं झालं," ते म्हणाले. मी नाही नाही म्हटलं, माय म्हणाली, "असं कायले बोलून राहिले जी?" पण त्यांनी मनाला लावून घेतलं ते घेतलंच.

पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःची वाचायची पद्धत बदलायला घेतली. आयुष्यभर दोनदा बोललेल्या माणसानं. रेडिओवर इंग्रजी बातम्या लावून तसं भरभर वाचायला शिकले. दम लागायचा. वाक्य एकदा म्हणून झालं की ओठ घट्ट मिटून घ्यायचे, पण थोड्या वेळाने ते ओठ हळूच हलू लागायचे. आवाज न काढता ते तेच वाक्य पुन्हा म्हणत असायचे. मी पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची.

परीक्षेची तारीख जवळ आली आणि बाबूजींना लकवा मारला. सकाळी अंगणात दात घासताना. मी नर्स होते, तोंड वाकडं झालेलं पाहताच कळलं. गोंदियाला नेलं, माझ्याच दवाखान्यात, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घरी आणलं तेव्हा घशातून नुसते जाड आवाज यायचे. माय त्यांच्या डोळ्यांवरून पाणी हवं की कूस बदलायची ते ओळखायची.

मी म्हटलं, परीक्षेला जात नाही. बाबूजींनी डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर थाप मारली. मी तिथंच बसून राहिले तर पुन्हा मारली. मग पुस्तकाकडे बोट केलं. मी गेले.

या खेपेला मी कशाचीच वाट पाहिली नाही. जे कानावर आलं ते त्याच क्षणी धरलं. दुपारच्या गाडीने परतले, पाय न धुता खाटेजवळ बसले आणि सांगितलं, "बाबूजी, एकदाच ऐकलं. समजलं सगळं."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग ते बोलू लागले. तो नुसता घशातला आवाज नव्हता. ते पूर्ण वाक्य होतं, त्याला सुरुवात होती, मधे किंचित थबकणं होतं आणि शेवटच्या शब्दावर जोर होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"बाबूजी, आणखी एकदा सांगा ना जी."

असं त्यांना कधी म्हणावंच लागलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, छाती वर आली, पण आवाज निघाला नाही. माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदराने पुसलं. निकाल यायच्या आधीच ते गेले.

मी पास झाले होते. बाबूजींचं वर्ष होईपर्यंत थांबले आणि मग परदेशात आले. इथल्या वॉर्डात लकव्याचे म्हातारे असतात. त्यांचं बोलणं मला इतरांपेक्षा लवकर समजतं, असं सोबतच्या सिस्टर म्हणतात. बाबूजींचं ते वाक्य मात्र नाही समजलं. त्याचा चढउतार मला पाठ आहे, रात्रपाळीवरून परतताना मनात म्हणून पाहते, पण शब्द लागत नाहीत.

एकदा न राहवून मी फोनवर मायला विचारलं, त्या दिवशी ते काय म्हणाले असतील गं?

"जाय म्हणून राहिले असतील, बाई," माय म्हणाली. जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, "जाय म्हणून राहिले असतील."