केकच्या दुकानावरून उतरलेलं गाडीचं नाव

मित्रमंडळी, आज सकाळी सबीनाबायबरोबर वकिलांकडे गेलो होतो, आणि अजून डोक्यात तिचाच विचार आहे.

सबीनाबाय म्हणजे माझी चुलत बहीण. गिरीज गावात तिचं केकचं दुकान आहे. आठ वर्षांपूर्वी, भारी वाटावं म्हणून, तिने दुकानाला एका जगप्रसिद्ध मोटार कंपनीचं नाव दिलं. परवा त्या कंपनीची नोटीस आली.

"आम्ही केक विकतो, गाड्या नाही. यात कोण फसणार?" वकिलांकडे तिच्या नवऱ्याने, आमच्या भावोजींनी, विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, "कोणी फसायलाच हवं असं नाही. इतक्या नामांकित नावाला कायदा दुसऱ्या मालावरही संरक्षण देतो. उद्या त्याच नावाने कोणी चपला विकेल, कोणी फिनेल. मग त्या नावाची शान काय राहणार?"

"मग एखादं अक्षर बदलू या ना," भावोजी म्हणाले.

"नको," सबीनाबाय म्हणाली. "माझ्या केकचं नाव कोणी फिनेलच्या बाटलीवर लावलं तर मला चालेल का? त्यांनाही तसंच वाटलं असेल."

परत आल्यावर तिने स्वतः शिडीवर चढून पाटी उतरवली. आठ वर्षांची ओळख होती ती. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत.

खाली उतरल्या उतरल्या तिने वकीलबाईंना फोन लावला. "मॅडम, आता दुकानाला माझंच नाव. त्याची नोंदणी करून टाका. उद्या ते मोठं झालं, तर मलाही जपावं लागेल ना!"

मला तर तिचा फार अभिमान वाटला. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?