पाठमोरा राजा

आगगाडी सुटली तेव्हा वाशीम स्टेशनावर मला निरोप द्यायला कोणीही नव्हते, असे माझा चुलतभाऊ सुदाम याने गावच्या शाळेच्या स्मरणिकेत लिहिले आहे. बाबांना माझे जाणे पसंत नव्हते, म्हणून ते आले नाहीत. आणि मीही असा पाषाणहृदयी, की एकदाही मागे वळून पाहिले नाही. रिठदच्या घराघरांत आज हीच हकिकत प्रमाण मानली जाते. मला ती मान्य नाही. विशाखापट्टणमला आयुष्य काढले म्हणून माझा साक्ष देण्याचा हक्क संपत नाही.

सुदामाने मला बैलगाडीतून स्टेशनावर सोडले, हे खरे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात मोडत होतो. निघताना बाबा एवढेच म्हणाले होते, "मांगं पाहू नको. पाह्यलं का पाय अडते." मग कोळपणीचा डवरा घेऊन ते वावराकडे गेले. स्टेशनावर माझी पेटी उतरवताना सुदाम म्हणाला, "काका काई येत नाई आता. त्याचा जीव वावरात हाय, तुयात नाई." बैल तहानले होते, आगगाडी येण्यापूर्वीच तो परतला. पुढचे त्याने पाहिले नाही. जे पाहिले नाही, ते त्याने लिहिले.

पुढे मी विशाखापट्टणमला जाऊन जहाजावर इलेक्ट्रिशियन झालो. तिसऱ्या वर्षी आमचे जहाज हाँगकाँगच्या ड्राय डॉकमध्ये दुरुस्तीसाठी महिनाभर पडून होते. गोदीतला एक म्हातारा वायरमन एका रविवारी दुपारी मला चिनी संगीतनाटकाला घेऊन गेला. खेळ जुना, मांडणी नवी. ना डोंगर, ना किल्ला. एक पांढरा पडदा आणि एकच दिवा. पण तो दिवा असा लावला होता, की प्रकाश वरून न पडता धुक्यासारखा जमिनीतून उगवत होता.

प्राचीन काळची लढाई होती. वेढ्यात सापडलेल्या सैन्याभोवती शत्रू गात होता, आणि गात होता ती त्या सैनिकांच्याच मुलखातली गाणी. एकेक सैनिक कान देई, हातातला ध्वज अलगद खाली ठेवी आणि धुक्यात विरघळून जाई. भाषेचे अक्षर मला कळत नव्हते. तरी त्या सुरांतून काळ्या रानातला बाबांचा बैलांना घातलेला हाकारा तरंगत आला, ओल्या मातीचा वास आला. मी खुर्चीत होतो की वावराच्या धुऱ्यावर, हे सांगता येईना.

त्या वेढलेल्या सैन्याचा राजा मात्र अखेरपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. वायरमन चिडला. जुन्या खेळात राजा प्रेक्षकांना सामोरा असे, असे त्याचे म्हणणे. दाखवायचाच नव्हता तर चेहरा रंगवला कशाला? मी त्याच्याशी भांडलो. राजाने तोंड दाखवले असते, तर एकाही सैनिकाचे पाऊल उचलले नसते. त्यांना जाता यावे म्हणून तो पाठमोरा होता. वायरमनने विचारले, हे तुला कोणी सांगितले?

आज सांगतो. गाडी हलली तेव्हा मालधक्क्यापलीकडच्या तारेच्या कुंपणाशी एक माणूस रुळांकडे पाठ करून उभा होता. अंगातल्या बंडीला पाठीवर खाकी ठिगळ होते, माझ्या शाळेच्या चड्डीच्या कापडाचे, आईने लावलेले. दुपारची एसटी धरून ते आले असावेत. त्यानंतर मी अनेकदा गावी गेलो. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्यांची आज्ञा मोडल्याचे कोणत्या तोंडाने सांगणार? उलट, मी मागे पाहिले नाही ही फुशारकी मीच गावभर मिरवली. सुदामाने ती माझ्याच तोंडून ऐकली आहे, हे मला कबूल केले पाहिजे.

आजोबा, आपले घर कुठले, असे तेलुगू बोलणारी माझी नातवंडे विचारतात. मी रिठद म्हणतो. डोळ्यांपुढे मात्र गाव येत नाही, ते खाकी ठिगळ येते, दूर जात जात लहान होणारे.

सुदाम, आता बाबा नाहीत. साक्षीला मी एकटाच उरलो आहे. तेव्हा दुरुस्ती कर. बाबा आले होते. आणि मी वळून पाहिले होते.