दगड झिजायचा वेग

मंदावहिनींचा फोन सकाळी आला. "हे गेले, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. त्या फोनला महिना होऊन गेला... मला रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. या वयात फोन असेच येतात.

वहिनींचा नवरा वसंता आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. तो भूगर्भशास्त्र, मी रसायन. ऊनपावसात आपला काळा दगड झिजतो, त्यातली खनिजं पाण्यात विरघळतात. किती वेगानं, हे त्याला मोजायचं होतं. निवृत्तीनंतर वाडीच्या घरातल्या मागच्या खोलीत त्यानं नळीत दगडाचा चुरा भरला, वरून थेंबथेंब पाणी सोडलं आणि खाली बाटल्यांत जमलेल्या पाण्यात किती दगड उतरला ते तपासत बसला. चुरा वाळवून तोलायचा दिवस म्हणजे घरादाराला शिक्षा. पंख्याच्या वाऱ्यानंही तराजूवरचा आकडा हलायचा, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. त्यात अमरावती रोडवरून ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. घाम पुसत वहिनी म्हणायच्या, दगडाच्या आधी आम्हीच विरघळू.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एकदा त्यानं एका बाटलीत नुसतंच पाणी भरून ठेवलं आणि काही दिवसांनी तपासलं, तर त्यातही दगड सापडला! बाटल्या काचेच्या होत्या. काच मुळात वाळूची, म्हणजे दगडातल्याच खनिजाची, तीही कणभर विरघळते. म्हणजे आजवरचे सगळे आकडे चुकलेले. तेव्हा तो आजारी होता. मी म्हटलं, आता पुरे कर, एवढीशी चूक कोणाला दिसते?

"मले तर दिसून राहिली ना गा," तो म्हणाला.

सगळं पाणी मोरीत ओतून त्यानं सीताबर्डीहून प्लास्टिकच्या नळ्या-बाटल्या आणवल्या आणि नव्यानं सुरुवात केली. मला त्याचा रागच आला होता. शेवटच्या भेटीतही अंथरुणावरून त्यानं विचारलं ते एवढंच, "थेंब पडून राहिला ना?" पडत होता. पण खरा आकडा हाती यायच्या आत तो गेला.

परवा वहिनींकडे गेलो. मागच्या खोलीत नळी चालूच होती. बंद करू का, विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. मीच पाणी भरून राहिली रोज."

आम्ही तिथंच बसलो. ऑक्टोबरचं ऊन, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या. तराजूवर फडकं टाकलेलं होतं, तोलणारं कोणी नव्हतं. पंख्याचं बटण माझ्या हाताशीच होतं... दोघांपैकी कोणीच ते दाबलं नाही.