लाइटभोवतीची वीतभर जागा

आमच्या गल्लीतला सीलिंगवाला कुणाच्या हातात हात देत नाही. ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या लोकरीची, कुसं दुसऱ्याला टोचतील म्हणून लांबूनच मान हलवतो. काम धरण्याआधी प्रत्येक घरात त्याचा एकच प्रश्न असतो, "इथं झोपतं कोण?" मी म्हणालो, "मुलगी."

माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत ऊन उतरू नये म्हणून मी कागद लावलेलं ग्लासवूल आणलं होतं. ते त्यानं परत करायला लावलं. "कागद पेटतो सायेब. बिगरकागदाचं आना." मग कुसं टोचू नयेत म्हणून हातांना कोपरापर्यंत पावडर चोपडून त्यानं ते सीलिंगवर न दाबता अंथरलं आणि प्रत्येक लाइटभोवती वीतभर जागा मोकळी सोडली. "इथं काय भरू नका. लाइटची गरमी निघाया पायजे."

मला ती जागा खटकत राहिली. तो गेल्यावर लाइट काढून मी उरलेले तुकडे तिथं कोंबले.

काम झालं की दुसऱ्या दिवशी भर उन्हात येऊन सीलिंगला तळहात लावून बघायचं, ही त्याची रीत. मी स्टूल धरून उभा होतो. माझी मनगटं कालपासून खाजत होती, पण त्याच्यासमोर खाजवायची हिंमत होत नव्हती. रात्रीपासून चालू राहिलेल्या एका लाइटपाशी त्याचा हात थांबला. त्यानं बटण बंद करायला लावलं आणि लाइट खाली ओढला. मागोमाग माझे तुकडे पडले. वायरीचं प्लॅस्टिक वितळून आतलं तांबं दिसत होतं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. माझ्या लाल मनगटांकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "पोरगी इथंच झोपती म्हनला होता ना तुमी?"