वडूजची आत्या आणि श्वासाचं यंत्र

"आदी तुमी," असं म्हणून ती भांडं देणाऱ्याकडेच परत सरकवायची. औषध असो, दूध असो, नाहीतर साधं पाणी. देणाऱ्यानं तिच्यादेखत घोट घेतल्याशिवाय तिच्या मुलाच्या ओठाला काही लागायचं नाही. आमच्या कंपाउंडरला तिच्यापायी इतकं क्विनाइन प्यावं लागलं, की त्या साली इस्पितळात सगळ्यांना हिवताप झाला, त्याला तेवढा झाला नाही.

महायुद्ध चालू होतं. मी सांगलीजवळच्या एका इस्पितळात नर्स होते. ही बाई वडूजकडच्या कोरड्या रानातली, काटक आणि उंच. तिला सगळे आत्या म्हणत. एकुलता मुलगा पलटणीत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून तो हिवताप आणि हगवण घेऊन रजेवर घरी आला आणि घरी येऊन आणखीच खंगला, म्हणून तिनं त्याला आमच्याकडे आणलं होतं. मागच्या अंगणात नातेवाइकांच्या चुली असत. तिथं एका कोपऱ्यात तिनंही तीन दगड मांडले.

मला संशयी माणसं आवडत नाहीत. मी स्वतःच तशी आहे, म्हणून असेल. ताप बघून मी तक्त्यावर आकडा लिहू लागले की ती मागून विचारायची, "कशापायी लिवताय? कोनाला दावायचंय?" डॉक्टरांना, म्हटलं तर म्हणायची, "त्ये तर हितंच हायत. तोंडानं सांगा की."

त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी श्वासाचं यंत्र आणवलं. तुम्ही ते पाहिलं नसेल, म्हणून सांगते. रात्रीपासून उपाशी असलेल्या रोग्याला सकाळी स्वस्थ निजवायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडात रबराची नळी द्यायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूनं भरलेली पत्र्याची मोठी घागर, पाण्यात उपडी घातलेली. रोगी जसजसा प्राणवायू वापरेल तसतशी घागर खाली बसते आणि तिला जोडलेला टाक कागदावर चढती रेघ ओढत जातो. माणूस नुसता पडून राहिला तरी त्याच्या शरीराला किती इंधन लागतं, ते त्या रेघेवरून कळतं. मग त्याला अन्न किती हवं ते ठरवता येतं. डॉक्टरांना या यंत्राचं भारी कौतुक. आत्यानं ते पाहिलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे बोट केलं.

"आदी तुमी."

काय करता! मी चिमटा लावून निजले. ती उशाशी बसून एकदा माझ्या छातीकडे, एकदा त्या घागरीकडे बघत होती. मी उठल्यावर तिनं माझी दोन्ही मनगटं दाबून पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि मगच मुलाला निजू दिलं. तो बिचारा शांतपणे पडून राहिला. डॉक्टरांनी हिशेब केला आणि आहार लिहून दिला. दूध, अंडी, मटणाचा रस्सा, मऊ भात. लढाईच्या टंचाईत एवढं कुणाच्या ताटात पडत नव्हतं. हगवणही आटोक्यात आली होती.

पण पोराच्या अंगाला काही लागेना. उलट गालफडं आणखी बसली.

मग संशयाला ऊत आला. डॉक्टरांचा संशय आचाऱ्यावर, की दुधात पाणी घालतो. आचाऱ्याचा वाढप्यावर, की वाटेत अंडी चापतो. माझा सरळ आत्यावर. मला वाटलं, म्हातारी स्वतःच खात असणार. मी पाळत ठेवली, पण तिच्या चुलीवर भाकरी आणि ठेचा यापलीकडे कधी काही दिसलं नाही. एका माणसावर मात्र आमच्यापैकी कुणीच संशय घेतला नाही. शेजारच्या खाटेवर इस्लामपूरकडचे एक म्हातारे दमेकरी होते. ते दिवसेंदिवस गुटगुटीत होत चालले होते, आणि डॉक्टर ते आपल्याच औषधाचं यश समजून खूश होते.

डॉक्टरांनी पोराला पुन्हा यंत्रावर घेतलं. रेघ पहिल्यापेक्षा किती तरी सपाट आली. त्यांनी पहिला कागद काढून शेजारी ठेवला. मग मला म्हणाले, "तेल कमी पडलं की आपण वात खाली करतो ना, तसं शरीर करतं. सिस्टर, हा माणूस माझ्या इस्पितळात उपाशी आहे."

मी त्या पोराला विचारलं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "आईनं शपथ घातलीया," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी आत्याला बोलावलं. मला वाटलं, नाकबूल करेल. पण तिनं पदर खोचला आणि ताठ उभी राहिली.

"व्हय. म्या दिलं त्या बाबांस्नी. टाकलं न्हाई, अन्नाची नासाडी न्हाई केली."

"अहो, पण का? तुमचा मुलगा आहे ना तो?"

"म्हनूनच की! बरा झाला की त्येला पलटनीत न्हेत्यात. तुमचं त्ये यंतर काय मोजतंय, मला ठावं न्हाई व्हय? दम किती ऱ्हायलाय त्ये मोजतंय. वाळका ऱ्हाऊ दे, पर हितं ऱ्हाऊ दे."

तिचे सगळे संशय आजवर आम्ही हसण्यावारी नेले होते. हा मात्र खरा होता. रजा आजारपणाची होती. पोरगा धडधाकट झाला की त्याला हजर व्हावंच लागणार होतं.

"तुमी सांगा," ती डॉक्टरांना म्हणाली. "न्हाई न्हेनार म्हनून सांगा. आत्ता वाटी तोंडाला लावते त्येच्या."

आमचे डॉक्टर तापट होते, पण खोटं बोलणारे नव्हते. त्या दिवशी ते खोटं बोलले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. ते म्हणाले, "आत्या, ते माझ्या हातात नाही. पण असंच चाललं तर तो तिकडे जायचा नाही आणि इकडेही राहायचा नाही. महिना निघणं कठीण आहे."

ती जाऊन चुलीपाशी बसली. चूल पेटवली नाही, पाणी प्यायली नाही. अंगणातल्या बायका हाका मारून दमल्या. दिवेलागणीला ती उठली, हात धुऊन वॉर्डात आली आणि वाढप्याच्या हातातून दुधाचा पेला घेतला. त्या वेळी तिनं कुणालाही घोट घ्यायला लावला नाही. मुलाच्या मानेखाली हात घालून तिनं तो पेला रिकामा होईपर्यंत धरला. तो पीत होता आणि ती रडत होती. मला तिथं उभं राहवेना.

त्यानंतर तिनं त्याला असं भरवलं की आचारी कुरकुरू लागला. पोरगा भरला, हसू लागला, वॉर्डातल्या खाटा सरकवायला मदत करू लागला. यंत्रावरची रेघही नीट आली. डॉक्टरांनी ती मला कौतुकानं दाखवली, आणि आत्या दारात आहे हे दिसताच कागदाची घडी घातली.

रजा संपली, तो गेला. आत्या गेली नाही. तिच्या चुलीचे दगड होते तिथंच राहिले. ती परक्या रोग्यांच्या भाकऱ्या थापून देऊ लागली.

"आत्या, आता घरी जायचं ना?" मी एकदा विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहून घेतलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "घरी गेले तर तार यील. पलटनीत वडूजचा पत्ता हाय. हितं कोन आनतंय तार?"

पोस्टमन आवारात शिरला की ती पाठमोरी व्हायची. तो बिचारा आमचीच पत्रं आणायचा.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी मी अंगणात वाळलेल्या चादरी गोळा करत होते. फाटकातून तिचा दीर आत आला. पूर्वी दोनदा तो दाण्यांचं गाठोडं घेऊन आला होता, म्हणून मी त्याला ओळखलं. या खेपेला हात रिकामे होते आणि डोक्याचा पटका त्यानं काढून छातीशी धरला होता. माझ्या हातातल्या चादरी तशाच राहिल्या.

आत्यानं त्याला पाहिलं. ती चुलीपासून उठली नाही.

"वैनी," तो म्हणाला.

"लांबनं आलायसा. बसा. आदी जेवा."

"वैनी, ऐका माजं..."

"जेवान झाल्याबिगर बोलायचं न्हाई."

तो खाली बसला. तिनं त्याच्यापुढे ताटली ठेवली, भाकरी ठेवली, कालवण घातलं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण वहिनीचा शब्द मोडायची त्याची छाती होत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. एक भाकरी संपत आली की तिनं दुसरी टाकली, दुसरी अर्धी व्हायच्या आत तिसरी थापायला घेतली. तो हात आडवा धरून पुरे पुरे म्हणत होता, आणि ती वाढत होती.