मावशींचा गुडघा आणि चाळीस खुर्च्या

आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद पडून तीन वर्षं झाली होती. खाली आलेल्या फायली चौथ्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर पोचवायचं काम शिपाई मावशींचं. त्यांचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. लिफ्ट दुरुस्त करा म्हणून त्यांनी सात अर्ज दिले. अक्षर बरं म्हणून सगळे मीच लिहिले. साहेब दिवसातून एकदाच चढत. प्रत्येक अर्जावर त्यांचा शेरा ठरलेला: ‘काम अडलेलं नाही.’ मावशी काम अडू देत नव्हत्या, हीच त्यांची चूक.

मग वरून हुकूम आला, कर्मचाऱ्यांना रेझिलियन्स, म्हणजे संकटात तग धरायला, शिकवा. व्याख्याते आले, त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि आपल्याला दम लागतो म्हणाले. झालं, व्याख्यान तळमजल्यावर ठरलं. वरच्या चाळीस खुर्च्या खाली आल्या, त्यात साहेबांची गादीची खुर्चीही. कोणी आणल्या ते सांगायला नको. आम्ही कारकून मंडळी वेळेवर येऊन बसलो.

“संकटापुढे वाकायचं, पण मोडायचं नाही,” व्याख्याते म्हणाले.

“माझा गुडघा वाकतच नाही,” मागून मावशी म्हणाल्या. “मी काय करायचं?”

सगळे हसले. साहेबांनी त्यांना पुढे बोलावून रेझिलियन्सचं प्रमाणपत्र दिलं आणि माइकवर सांगितलं, “तीन वर्षांत यांची एकही तक्रार नाही.” सात अर्ज लिहिणारा मी टाळ्या वाजवत होतो. लाज वाटली, तरी वाजवत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर साहेब म्हणाले, “मावशी, खुर्च्या तेवढ्या वर पोचवा.”

मावशींनी प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि गादीच्या खुर्चीत बसल्या. “आता मी इथंच. फायलीही इथंच. सह्या करायला तुम्ही खाली या.”

“अहो, काम अडेल.”

“अडू द्या की.”

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आमच्यातल्या कोणीही खुर्चीला हात लावला नाही. इतक्या वर्षांचा आमचा आळस पहिल्यांदाच सत्कारणी लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब सह्यांसाठी नऊ वेळा उतरले. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वेळा, कठडा धरून. त्यांचा रेझिलियन्स तिथं संपला. पुढच्या सकाळी लिफ्टवाला आला.

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. मावशी तीन वर्षं चढत होत्या.